दहा लाखाला सतरा कमी

गुरुजी,

तुम्ही दिलेला आकडा मला अजून पाठ आहे. नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी. घरातल्यांचे फोन नंबर माझ्या डोक्यात राहत नाहीत, नातीचा वाढदिवस मी दर वर्षी विसरते आणि सून गालातल्या गालात हसते, पण हा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. तुम्ही तो फळ्यावर लिहिलात त्या दिवशी वर्गात कुणीतरी म्हणालं होतं, "बाप्पो, लई मोठा हाय." तुम्ही खडू ठेवलात आणि वळून म्हणालात, "मोठा म्हंजे काय? मोठा तर पाटलाचा वाडाबी हाय. मोठा म्हणून सोडून देऊ नका. त्याची वळख सांगा. कोणत्या जातीचा हाय, सोयरे कोण, शेजारी कोण." आम्ही हसायला लागलो तसे तुम्ही बोट उगारलंत. "माणसाची जात विचारायची न्हाई. आकड्याची खुशाल विचारायची. त्याला राग येत न्हाई." लोह्याजवळच्या आमच्या त्या गावात हे वाक्य वर्गात बोलायला किती धीर लागत असेल, ते तेव्हा मला कळलं नव्हतं. मला फक्त एवढंच वाटलं, की आकडे आपल्यापेक्षा सुखी आहेत.

तुम्ही स्वतः निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. गुणाकाराला जर्ब म्हणायचात, भागाकाराला तकसीम. रंगात आलात की मूळ संख्येला मुफरद म्हणायचात आणि मग आमच्याकडे बघून भानावर यायचात. "म्हंजे मूळ. जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसरं कुणी भागू शकत न्हाई, ती." पुस्तकातली व्याख्या आम्ही घोकली होतीच, पण तुमच्या तोंडून ऐकताना ती एखाद्या ताठ मानेच्या बाईची हकिकत वाटायची. आम्ही त्या आकड्याची चौकशी सुरू केली. विषम आहे, हे तर आंधळ्यालाही दिसतं. अंकांची बेरीज सत्तेचाळीस, म्हणजे तिनाने भाग जात नाही. शेवटी तीन आहे, म्हणजे पूर्ण वर्ग नाही, कारण कुठलाही वर्ग तिनावर संपत नाही. हे आम्ही एकापासून दहापर्यंतचे वर्ग मांडून स्वतः शोधलं आणि जणू पेठ लुटल्यासारखे ओरडलो. दोन घरं खालच्याला तीन भागतो, दोन घरं वरच्याला पाच, म्हणजे दोन्ही बाजूंचा जोडीदार मूळ नाही. "एकटाच हाय बिचारा," एक मुलगी म्हणाली. तुम्ही म्हणालात, "एकटा हाय का, ते अजून ठरायचंय. दहा लाखाला सतरा कमी, एवढंच आपल्याला ठावं हाय."

ठरवायला वेळ होता कुठे? ते बहात्तरचं साल होतं. आदल्या वर्षीच पाऊस रुसला होता आणि त्या वर्षी तर त्याने तोंडच दाखवलं नाही. शाळेतली पोरं रोज थोडी थोडी कमी व्हायला लागली. कुणी आईबरोबर खडी फोडायला, कुणी टोपली उचलायला, कुणी नुसतंच तिथे खायला वाटतात त्या सुकडीच्या आशेने दुष्काळी कामावर. आमच्या गावापासून मोठ्या सडकेपर्यंत नवा रस्ता निघाला होता, अख्खं गाव त्याच्यावर होतं. शाळेत बाकं जास्त आणि आम्ही कमी. दुसरा कुणी असता तर पाय पसरून बसला असता, पगार तर चालूच होता. तुम्ही एक दिवस आम्हाला घेऊन गावाबाहेरच्या खळ्यावर गेलात. त्या वर्षी खळ्यावर दाणा नव्हता, सारवलेली जमीन कोरडी पडून तडकली होती. तुम्ही चुन्याने तिच्यावर एकापासून हजारापर्यंतचे आकडे लिहून काढलेत, आम्ही मागून चुन्याचं घमेलं घेऊन. मग म्हणालात, "आता मळणी." एक आधीच पुसला. मग दोन तेवढा ठेवून दोनाने ज्यांना भाग जातो ते पायाने पुसायचे, मग तसंच तिनाने, मग पाचाने, असं एकतीसपर्यंत. आम्ही उड्या मारत आकडे पुसत सुटलो. रस्त्याने जाणाऱ्या म्हाताऱ्या थांबून बघत होत्या आणि मास्तरचं डोकं उन्हानं फिरलं असं म्हणत होत्या. संध्याकाळपर्यंत सगळं फोल उडून गेलं आणि खळ्यावर नुसत्या मूळ संख्या उरल्या. एकशे अडुसष्ट. त्या वर्षी गावात एवढीच रास झाली.

हजारापर्यंतच का, ते तुम्ही मोडक्या काठीने जमिनीवर समजावलंत. आपला आकडा दोन तुकड्यांत मोडणार असेल तर त्यातला एक तरी तुकडा हजाराच्या आतला हवा, कारण दोन्ही हजाराचे झाले तर दहा लाख होतात आणि आपल्याकडे सतरा कमी आहेत. म्हणजे ह्या एकशे अडुसष्टांपैकी कुणी त्याला भागलं तर तो संयुक्त, कुणीच नाही भागलं तर तो मूळ. वर्गाच्या पटावर आम्ही अठ्ठावीस. तुम्ही मनातल्या मनात भागाकार केलात आणि तुमचा चेहरा असा खुलला की बास. "प्रत्येकाला सहा. बाकी शून्य!" पत्ते वाटतात तसे तुम्ही ते वाटलेत, म्हणजे कुणाच्या वाट्याला सगळे सोपे किंवा सगळे अवघड येऊ नयेत. आणि ज्याला जो पहिला आकडा आला, तेच त्याचं नाव. पहिल्या बाकावरचा दोन झाला. त्याला पहिला भागाकार फुकटात मिळाला म्हणून सगळे त्याच्यावर जळायचे. माझी मैत्रीण एकशे तीन. मी पटावर शेवटची, म्हणून एकशे सात. त्या दिवसापासून तुम्ही कुणाला आडनावाने हाक मारली नाहीत. आडनाव घेतलं की गावाला सगळंच कळायचं, कोण कुठल्या आळीतलं, कुणाची घागर टँकरपाशी कुठे ठेवायची. एकशे सात म्हटल्यावर कुणाला काय कळणार? सुकडी वाटताना मुकादम वैतागून म्हणायचा, "गुरुजी, पोरांची नावं सांगा की नीट." आणि तुम्ही नीटच सांगायचात. एकोणीस, एकतीस, त्र्याऐंशी.

ह्या त्र्याऐंशीची गोष्ट तुम्ही विसरला नसाल. वाण्याचा मुलगा, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, गोल चेहरा. त्यांचं किराणा-धान्याचं दुकान त्या वर्षी जवळजवळ रिकामं होतं, पण मुलगा मात्र दुकान भरलेलं असल्यासारखा चालायचा. दुपारच्या सुट्टीत तुम्ही कामावर यायचात, बाभळीखाली बसायचात आणि ज्याचा भागाकार झाला त्याचा ताळा घ्यायचात. मला ती दुपार अजून दिसते. खडीचा पांढरा धुरळा सगळ्यांच्या भुवयांवर बसलेला आहे, बायका पदर तोंडावर घेऊन आडव्या झाल्या आहेत आणि त्र्याऐंशी धावत येतो आहे. "गुरुजी, भाग गेला! बाकी शून्य!"

एकच कल्ला झाला. माझ्या शेजारची एकशे तीन तर आनंदाने रडायला लागली, कारण आता तिला तिचे उरलेले करावे लागणार नव्हते. मला मात्र कसंतरीच झालं. मी अजून माझा पहिलाही पुरा केला नव्हता आणि सगळं संपलं होतं.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "ताळा कर."

त्याने खडीच्या एका चपट्या दगडावर कोळशाने गुणाकार केला. त्र्याऐंशी गुणिले बारा हजार अठ्ठेचाळीस. उत्तर आलं नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे चौऱ्याऐंशी.

"चौऱ्याऐंशी? आपला आकडा त्र्याऐंशीवर संपतो. हे एक कुठनं आलं?"

"म्या घातला, गुरुजी."

"घातला? कुठनं घातला?"

"माझ्याकडचा." तो अगदी सरळ सांगत होता. "एकच कमी पडत व्हता. एकासाठी कामून अडवायचं? आमचे अप्पा माप असं अपुरं सोडत न्हाईत. कमी पडलं तर आपल्या पोत्यातलं घालतेत."

तुम्ही आधी हसलात. मग हसता हसता चष्मा काढून डोळे पुसलेत. दुष्काळात, स्वतःच्या घरात चूल एक वेळ पेटत असताना, ह्या पोराने आकड्याला कमी पडू नये म्हणून पदरचं घातलं होतं. पण मग तुम्ही कडक झालात, इतके की तो घाबरला. "तुझा बाप मापावर मूठभर जास्ती घालतो, ते त्याचं मोठेपण. ते तू शिक. पण आकडा आपल्या दुकानातला माल न्हाई. त्यात घालायचं न्हाई, त्यातलं काढायचं न्हाई. लिव, बाकी ब्याऐंशी." त्याने मान खाली घालून लिहिलं. मग तुम्ही आम्हा सगळ्यांकडे बघून जे बोललात, ते मी पुढे कितीतरी वेळा मनात उलटंपालटं करून पाहिलं. तुम्ही म्हणालात, "भाग जातो असं म्हणायला एकटा पुरतो. ह्याचं खरं असतं तर आत्ताच्या आत्ता खेळ खलास, बाकीचे सगळे रिकामे. पण भाग जात न्हाई असं म्हणायचं असंल, तर सगळे लागतेत. एक जरी राहिला, तरी मूळ म्हणता येत न्हाई." एकशे तीनचं रडणं आता खरं सुरू झालं. मला मात्र हायसं वाटलं.

त्याच महिन्यात तपासणीला साहेब आले. पट बघून म्हणाले, निम्मी पोरं गैरहजर आहेत, नावं कमी करा. तुम्ही म्हणालात, "साहेब, ह्यातलं एक नाव काढलं तर आमचा आकडा अडतो." साहेबांना वाटलं तुम्ही पटसंख्येबद्दल बोलताय. ते म्हणाले, आकडा अडतोच, म्हणून तर कमी करायला सांगतोय. तुम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर होता, आणि आम्ही खिडकीतून ऐकत तोंडात बोळे कोंबून हसत होतो.

माझं नाव त्यानंतर लवकरच गेलं. माझ्या वडिलांची, आबांची, बैलगाडी होती, देवणीच्या बाजारातून आणलेली काळी-पांढरी जोडी, तिच्यावर आमचं पोट. कडबा मिळेना. बैलांच्या बरगड्या मोजता यायला लागल्या तसं आबांनी ठरवलं, निजामाबादकडे जायचं, कालव्याच्या भागात, तिकडे हिरवं आहे म्हणतात. गाडीत भांडी, गोधड्या आणि मी. तुम्ही वेशीपर्यंत आलात. आबा म्हणाले, "गुरुजी, पोरीला आता कुठली शाळा. नाव काढून टाका तिचं." तुम्ही म्हणालात, "पटावरचं ते काढतीलच. आकड्याच्या वाटणीतलं म्या काढत न्हाई." मी तुम्हाला माझ्या पहिल्याचं उत्तर सांगितलं, एकशे सातला बाकी अडुसष्ट. तुम्ही तोंडी ताळा घेतलात. एकशे तीन माझा हात धरून उभी होती, ती म्हणाली, "गुरुजी, हिचे पाच म्या करते." मला खूप बरं वाटलं आणि तुमचा तेवढाच राग आला, कारण तुम्ही म्हणालात, "न्हाई. जिचा वाटा तिनंच करायचा." गाडी हलली. एवढ्या रडारडीत मास्तरला भागाकाराचं पडलंय, असं आई म्हणाली आणि मलाही तसंच वाटलं.

पण रस्ताभर मी ते पाच आकडे घोकत होते. दोनशे त्रेसष्ट, चारशे तेहतीस, सहाशे तेरा, आठशे नऊ, नऊशे सत्त्याण्णव. कालव्याकडे सगळे तेलुगू बोलायचे, मला कुणाचं काही कळत नव्हतं. चिखलात वाकून भाताची रोपं लावताना मी हेच पुटपुटायचे, आणि तिथल्या बायकांना वाटायचं पोरगी मंत्र म्हणते. मला भागाकार करायला पाटी नव्हती आणि खरं सांगायचं तर मनही नव्हतं. पण कुठेतरी आपल्या नावाचं काहीतरी राखून ठेवलेलं आहे, एवढं वाटणं पुरायचं. पुढे पाऊस आला, आबा परत गेलेच नाहीत, मला मामांनी उदगीरला आणलं, तिथे लग्न झालं. सासरी मी वाचायला लागले, मिळेल ते, पुडीचा कागदसुद्धा. ह्यांना सरकारी कचेरीत शिपायाची जागा होती. लातूर नवा जिल्हा झाला तशी ह्यांची तिकडे बदली झाली आणि मला एका बालवाडीत पोरं सांभाळायचं काम मिळालं. गुरुजी, त्या वर्षी लातुरात नुसता रंगाचा वास होता. जिकडे बघावं तिकडे पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून लातूर लिहिणं चाललं होतं.

अशाच दिवसांत तुम्ही गंजगोलाईच्या गोल बाजारात भेटलात. मी ज्वारी घ्यायला गेले होते. गर्दीत एक धोतरवाला म्हातारा गोलाईकडे तोंड करून, एकेक रस्त्यावर काठी रोखून काहीतरी मोजत उभा होता. मी ओळखलं, पण पुढे गेले नाही. इतक्या वर्षांनी मला काय ओळखणार, मी तर लुगड्यात, कडेवर पोर. तुम्हीच वळलात. क्षणभर बघितलंत आणि भर बाजारात ओरडलात, "एकशे सात!" ज्वारीवाला दचकला, त्याला वाटलं भाव सांगताय. मी वाकून पाया पडले आणि तिथेच रडायला लागले. तुम्ही म्हणालात, "रडती कामून? हितं बग, सोळा रस्ते. दोन दुणे चार, चार दुणे आठ, आठ दुणे सोळा. नगर बांधणारा हुशार होता." मग म्हणालात, "आणि उस्मानाबाद जिल्हा मूळ न्हाई निघाला बग. भाग गेला." तुम्ही मुलीकडे राहत होता, तुमची मुलगी लातुरात दिली होती. मी घरचं सांगत होते, तुम्ही मान हलवत होता, आणि निघताना एकदम थांबून म्हणालात, "समद्यांचं झालं. सत्तावीस जणांचं. तुझे तेवढे पाच राहिलेत. आकडा तिथंच अडून बसलाय."

मी म्हटलं, "गुरुजी, मला आता भागाकार येतबी न्हाई."

"येईल. घाई न्हाई. एवढी वर्षं थांबलो, आणखी थांबू."

घरी येईपर्यंत माझ्या अंगात काय संचारलं होतं, सांगता येत नाही. म्हणजे बाभळीखालचा तो खेळ संपला नव्हता. म्हणजे सत्तावीस पोरं आपापलं पुरं करून माझी वाट बघत बसली होती आणि मी शेणपाणी करत होते. बालवाडीतली पाटी घरी आणली. पोरं निजली, भांडी झाली की भिंतीला टेकून बसायचं आणि मांडायचं. पहिले काही दिवस नुसती खाडाखोड. मोठ्या आकड्याने भागताना किती वेळा जाईल ह्याचा अंदाजच येईना. ह्यांनी विचारलं, "कुणाच्या वाटण्या करून राहिली?" मी म्हटलं, माझ्याच. दोनशे त्रेसष्टला बाकी सत्तावन्न आली, ताळा जमला, आणि मी एकटीच हसले. चारशे तेहतीसला एकशे शहाऐंशी. सहाशे तेराला एकशे ऐंशी. आठशे नऊला एकोणसाठ. नऊशे सत्त्याण्णवने जीव खाल्ला. एक हजार दोन वेळा जातो आणि बाकी नऊशे एकोणनव्वद. आणखी फक्त आठ असते तर भाग पुरा गेला असता. आठच! मला त्र्याऐंशी आठवला. घालावेत असं मलाही वाटलं, गुरुजी. पण आपल्या दुकानातला माल नव्हे.

मी तुमच्या मुलीच्या घरी आले. तुम्ही ओट्यावर बसला होता. मी एकेक बाकी सांगत गेले, तुम्ही डोळे मिटून एकेक ताळा घेत गेलात, ओठ हलत होते. शेवटचं झाल्यावर तुम्ही डोळे उघडलेत. मग म्हणालात, "झालं. तुझ्यानं पुरं झालं. मूळ." आत हाक मारून चहा सांगितलात, आणि मला खडूची एक पेटी दिलीत, रंगीत खडूंची, बालवाडीसाठी. मी त्या दिवशी रस्त्याने जशी चालत आले तशी पुन्हा कधी चालले नाही. सातवी अर्धी टाकलेली बाई, पण नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशीला मूळ मीच ठरवलं होतं. पुढे आयुष्यात बरंच काही सोसावं लागलं, ते सगळं इथे लिहीत नाही, पण ज्या ज्या वेळी मला वाटलं की आपण कुणाच्या हिशेबात नाही, त्या त्या वेळी मी हे आठवून उठून उभी राहिले. सत्तावीस जण माझ्यासाठी थांबले होते. तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं, तेव्हा ह्यांची बदली किनवटला झाली होती. रडले, आणि रडताना पहिल्यांदा हेच मनात आलं, की बरं झालं, मी वेळेत दिलं.

आता नात फोनला विचारते आणि फोन डोळ्याची पापणी लवायच्या आत सांगतो, मूळ आहे. मी तिला म्हटलं, बरोबर आहे, पण त्याला कुणाची वाट बघावी लागली नाही. तिला काही ते कळलं नाही.

परवा नांदेडला एका लग्नाला गेले होते. जेवणाच्या रांगेत मागून आवाज आला, "एकशे सात?" मी वळले. पांढऱ्या केसांचा, सुटलेल्या पोटाचा एक माणूस, कपाळावर तेच भस्म. मी म्हटलं, "त्र्याऐंशी!" लोक बघायला लागले. आम्ही ताटं हातात घेऊन कोपऱ्यात बसलो आणि किती वेळ नुसते हसत होतो. त्याच साली त्यांचं दुकान बसलं आणि ते नांदेडला आले, माझ्यानंतर थोड्याच दिवसांनी. आता जुन्या मोंढ्यात, धान्यबाजारात, त्याची आडत आहे, मुलं सांभाळतात. एकशे तीन कुठे असते, दोन काय करतो, असं एकमेकांना विचारलं. दोघांनाही ठाऊक नव्हतं. मग तो म्हणाला, "गुरुजी आलते की माझ्याकडं."

"कधी?"

"लातूर जिल्हा झाल्यावर चार-पाच वर्षांनी आसंल. म्या मोंढ्यात गड्यांवर ओरडून राहिलो होतो, तर समोर गुरुजी. लातूरहून यष्टीनं आलते. एवढं म्हातारं माणूस, उन्हाचं. म्हणले, समद्यांचं झालं, सत्तावीस जणांचं. तुझे तेवढे चार राहिलेत, आकडा तिथंच अडून बसलाय." त्याने घास खाली ठेवला. "खरं सांगतो, तवा माझं लई वाईट चालू होतं. धंदा बुडाला होता, घरात कुणी बोलत नव्हतं. जीव द्यायचं मनात आलं होतं. आन् हा माणूस म्हणतो, तुझ्यावाचून अडलंय. म्या रात्रभर बसून ते चार केले, लातूरला जाऊन त्यांच्या हातात दिले. एक बी घातला न्हाई पदरचा. म्हणले, झालं, तुझ्यानं पुरं झालं."

मी ऐकत होते. लग्नात बँड वाजत होता. तुम्ही मला जे सांगितलंत त्यातला शब्दन् शब्द तोच होता, फक्त पाचाच्या जागी चार.

गुरुजी, तुमचा मला राग आला. इतक्या वर्षांत आला नव्हता तेवढा आला. माझं झालं तेव्हा ह्याचे चार राहिलेले होते, म्हणजे माझ्याने काहीच पुरं झालं नव्हतं. आणि अजून किती जणांकडे गेला होता तुम्ही? एकशे तीनकडे? दोनकडे? कुठल्या कुठल्या यष्टीने, कुणाकुणाच्या दारात उभे राहून हेच सांगितलंत? अठ्ठावीसही जणांना वाटत असेल का, की आकडा माझ्यापाशी अडला होता? मला एकटीला मिळालेलं वाटत होतं ते असं सगळ्यांना वाटलेलं निघालं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मत्सराचंच होतं ते, दुसरं काही नव्हतं.

त्र्याऐंशी माझ्याकडे बघत होता. पांढऱ्या भुवयांखालचे डोळे अगदी त्याच मुलाचे. तो म्हणाला, "तुमी तर गाव सोडून गेलता. पर तुमचंबी तवाच झालं असंल न्हवं? समद्यांचं झालं होतं म्हणले गुरुजी."

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, त्यामुळे लिहायला हरकत नाही. मी पदराने डोळे पुसले, त्याच्या ताटात माझ्यातला बुंदीचा लाडू ठेवला आणि म्हटलं, "हाव. आमचं समद्यांचं कवाच झालं होतं. तुझ्यासाठीच थांबलो होतो."